दिवा फुंकणारा हिंदुराव

लासुर्ण्याच्या हिंदुरावाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता, आणि त्याच्या आयुष्याचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. आवाज सोडला तर माणूस एकदम साधा. थोडा ऊस, एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि घरात एकटी आई, रंगूबाई. हंगामात कारखान्याला ऊस ओढायचा, हंगाम संपला की लोकांची रानं नांगरून द्यायची. पान नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. असा जावई मिळावा म्हणून लोक नवस बोलतात. पण हिंदुरावाला तिशी उलटली तरी पोरगी कुणी देईना. का, तर गावच्या नाटकात तो नियतीचं काम करायचा.

नाटक लिहिलं होतं बुद्धघोष गुरुजींनी. गुरुजी गावच्याच शाळेत मास्तर, आणि नाटकाचं वेड असं की भाकरी खाताना मध्येच उठून भिंतीला संवाद म्हणून दाखवायचे. चैत्रातल्या यात्रेला दरवर्षी हेच नाटक व्हायचं. शाळेपुढच्या पटांगणात हिंदुरावाच्या दोन ट्रॉल्या एकमेकींना जोडायच्या, वर फळ्या टाकायच्या, झालं स्टेज. गोष्ट नीरा नदीच्या दोन काठांची. अलीकडची पोरगी, पलीकडचा पोरगा, आणि घराघरांत वैर. पोरगी रात्री काठावर कंदील लावून ठेवते, त्या उजेडाच्या रोखानं पोरगा पोहत येतो. एका रात्री वाट बघता बघता पोरीचा डोळा लागतो. तेवढ्यात नियती येते आणि कंदील विझवते. पोरगा अंधारात भोवऱ्यात सापडतो, मागोमाग पोरगीही नदीत उडी घेते. गावच्या बायका पदरानं डोळे पुसत घरी जायच्या आणि म्हणायच्या, "नशिबातच नव्हतं बाई त्यांच्या."

नियती खरं तर बाईमाणूस. पण बारामतीहून ठरवून आणलेली नटी राजलक्ष्मी नायिकेचं काम करायची, आणि दुसरी बाई आणायची मंडळाची ऐपत नव्हती. गुरुजींनी हिंदुरावाचा आवाज ऐकला आणि टाळीच वाजवली. "अरे, ही तर माझी नियती!" मग काळं घोंगडं पांघरून, मिशा झाकून हिंदुराव नियती झाला. गुरुजींनी सांगितलं होतं फक्त एवढंच, की कंदिलाची किल्ली फिरवून वात खाली ओढायची आणि चार वाक्यं बोलायची.

आता इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्यात दिवा "विझव" असं कुणी म्हणतसुद्धा नाही. बांगडी फुटली तर "वाढली" म्हणतो की नाही? तसाच दिव्याला निरोप द्यायचा. पदरानं वारा घालायचा, नाहीतर वात खाली घ्यायची. तोंडानं फुंकर मारून दिवा घालवायचा? अहो, शत्रूच्या घरात गेलं तरी कुणी करणार नाही. आणि ब्याण्णव सालच्या यात्रेत, सगळ्या गावादेखत, हिंदुरावाच्या हातून नेमकं तेच झालं. ऐन वेळी किल्ली अडकली. वात खाली जाईना, निळी साडी हलवून नदी करणारे दोघं दमून गेले, गुरुजी पडद्याआडून खुणा करायला लागले. घामाघूम झालेल्या हिंदुरावानं काच वर उचलली आणि "फू" करून फुंकर मारली.

सगळं पटांगण "आऽऽ" करून उठलं. एका म्हातारीनं तिथंच बोटं मोडली. गुरुजी मात्र आत नाचत होते. "हेच! दरवर्षी हेच करायचं!" नाटकवाल्याला टाळी दिसली की पुढचं काही दिसत नाही.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ म्हणतात. त्याच आठवड्यात नाटकातला नायक, विजयसिंह, मोटारसायकलसकट कालव्यात गेला. वाचला, पण दात पडला. पुढच्या वर्षी यात्रेनंतर सरपंचांच्या बोअरचं पाणी आटलं. झालं! हिंदुराव कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर घेऊन उभा राहिला की बाकीचे ड्रायव्हर हात जोडायचे, "बाबा, तू म्होरं जा, पर आमच्याकडं बघू नगंस." लग्नाला आमंत्रण यायचं, पण अक्षता टाकायच्या वेळी कुणीतरी हळूच त्याला मांडवाच्या मागं न्यायचं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला तर एक तात्या संध्याकाळी घरी आले आणि कानात म्हणाले, "हिंदुराव, जरा पलीकडच्या पार्टीच्या दारावरनं चक्कर मारून ये की."

हिंदुराव हसण्यावारी न्यायचा. पण घरी आल्यावर आईला विचारायचा, "आये, खरंच असंल का गं?" रंगूबाई म्हणायची, "गप जेव." आणि चुलीकडं तोंड फिरवायची. तिलाही खात्री नव्हती, हीच तर पंचाईत.

शहाण्णव साली पिंपळीचं स्थळ आलं. पिंपळी बारामतीच्या अंगाला. जोतीराम नावाचे ऊसवाले शेतकरी, बायको वारलेली, एकुलती पोरगी म्हाळसा. पोरीला वाढवलं होतं जोतीरामच्या थोरल्या बहिणीनं, कुशाबाईनं. त्या घरात जोतीराम मान हलवायचे आणि कुशाबाई ठरवायची. बघायच्या कार्यक्रमाला पोहे झाले, चहा झाला, नाव-गाव-शिक्षण झालं. मग पोरीला विचारलं, "तुला काय इचारायचं हाय का?" अशा वेळी पोरी मान खाली घालतात. म्हाळसानं सरळ हिंदुरावाकडं बघितलं.

"नाटकात तुमी दिवा फुकता म्हणं. भ्या वाटत न्हाय?"

हिंदुरावानं रिकामी कपबशी घाईनं बाजूला सारली. "वाटतं," तो म्हणाला. "दरसाल वाटतं."

म्हाळसा गालात हसली. त्या हसण्यावर हिंदुराव तिथल्या तिथं खलास झाला, खोटं कशाला बोला. पण कुशाबाई पाटावरून उठूनच उभी राहिली. "आगं बया! ह्योच व्हय त्यो? दोन सालामागं मी लासुर्ण्याच्या यात्रंत बघितलं न्हवं का! घरी आले आन् आठ दिसांत म्हस गेली माझी. जोतीराम, दिवा फुकणाऱ्याच्या घरात लेक देतोस काय?"

जोतीराम बिचारे मवाळ. म्हणाले, "आक्का, जरा दमानं. यात्रा झाल्यावर कळवू त्यास्नी." सगळ्यांना माहीत आहे, "कळवू" म्हणजे काय.

परत आल्यावर हिंदुराव तडक गुरुजींच्या दारात गेला. "गुरुजी, औंदा दुसरा माणूस बघा. माझ्या जल्माचं वाटुळं झालं तुमच्या त्या नियतीपायी. असलं कशाला लिवायचं वो? तुमी तर नशीब मानत न्हाय."

"नाहीच मानत," गुरुजी म्हणाले. त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं. "माझा बाप म्हणायचा, नशिबावर हवाला ठेवून बसलो असतो तर तू आज शाळेत नसतास, मेलेली ढोरं ओढत असतास. आमच्या घरात तो शब्दच चालत नाही."

"मंग?"

"मग काय! गोष्ट खरी आहे, हिंदुराव. माझ्या आजीच्या वेळची, नदीपलीकडची. दिवा नियतीनं नव्हता विझवला. पोरीच्या सख्ख्या भावानं विझवला होता, आणि चार शहाणी माणसं मागं उभी होती. आता तसंच लिहिलं असतं तर पहिल्याच अंकाला स्टेजवर दगड आले असते. प्रत्येकाला वाटलं असतं, आपल्याच घरचं लिहिलंय. नियतीला कुठं घर असतं गावात? तिच्या नावानं काहीही लिहा, कुणी भांडायला येत नाही."

हिंदुराव ओट्यावरून उठला. मग म्हणाला, "आन् ते समदं माज्या डोक्यावर."

माणूस लाख हुशार असेल, पण हे गुरुजींना सुचलंच नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "एवढ्या वर्षी कर. यात्रा तोंडावर आलीय, दुसरा कुणी घोंगड्याला हात लावत नाही. पुढच्या वर्षी नाटकच बंद." हिंदुराव कबूल झाला. मनाशी मात्र त्यानं ठरवलं की यंदा फुंकर मारायची नाही. काही झालं तरी वातच खाली ओढायची.

यात्रेच्या दिवशी दुपारी तो शाळेच्या मागं चिंचेखाली कंदील घेऊन बसला होता. राखेनं काच घासली, वातीची काजळी कातरली, रॉकेल भरलं, किल्लीला तेल सोडलं. मग काडी ओढून कंदील लावून बघितला आणि सवयीनं ज्योतीला हात जोडले. मान वर केली तर समोर म्हाळसा. तिची मावशी लासुर्ण्यातच दिलेली, तिच्याकडं ती आत्याबरोबर यात्रेला आली होती.

"दिवा लावता बी तुमीच व्हय?" तिनं विचारलं.

"दुसरं कोण लावंल? पडद्यामागं लावून ठेवतो. ते कुणाला दिसत न्हाय."

"आत्याला दिसाया पायजे."

"नाटकात तसं लिवलेलं न्हाय."

"लिवणारा कुठं ऱ्हातो? लांब?"

"हितंच हाय की. त्यो बघा, च्या पितोय."

म्हाळसानं गुरुजींकडं बघितलं, कंदिलाकडं बघितलं आणि काही न बोलता निघून गेली. हिंदुरावानं काडीपेटी सदऱ्याच्या खिशात टाकली.

दिवेलागण झाली आणि नाटक उभं राहिलं. पुढं बायकांची बैठक, मागं बाप्ये, कडेनं भेळेच्या गाड्या. मध्ये मध्ये नाटक थांबवून बक्षिसं पुकारली जात होती. राजलक्ष्मी रडायला तोंड उघडायची आणि माइकवरून आवाज यायचा, "नायिकेच्या कामावर खूश होऊन अमुक अमुक यांच्याकडून..." तिनं तेवढं तोंड मिटून घ्यायचं, नमस्कार करायचा आणि पुन्हा रडायला लागायचं. सवय झाली होती तिला.

शेवटचा अंक आला. जनरेटरचे दिवे बंद झाले. स्टेजवर एकटा कंदील, आणि त्याच्या शेजारी उशाला हात घेऊन झोपलेली राजलक्ष्मी. मागं निळी साडी हलायला लागली आणि तिच्या मध्यात विजयसिंह हातपाय मारायला लागला. घोंगडं पांघरून हिंदुराव पुढं आला. पहिल्याच रांगेत कुशाबाई बसली होती, पदर तोंडाला लावून, डोळे वटारून. शेजारी म्हाळसा.

त्यानं किल्ली धरली. फिरवली. तुम्ही ओळखलं असेलच, किल्ली अडकली. दुपारी तेल सोडलेली किल्ली! त्यानं पुन्हा फिरवली, बोटं पोळली, वात जागची हलेना. विजयसिंह पोहून पोहून दमला. आडून गुरुजी कुजबुजले, "फुंक! अरे फुंक!" हिंदुरावानं एकदा म्हाळसाकडं बघितलं. गेलं म्हणाला सगळं. आणि काच उचलून फुंकर मारली.

"आऽऽ" झालं. अंधारात फक्त कडेच्या गाड्यांवरच्या बत्त्यांचा उजेड येत होता. हिंदुराव त्याच्या विहिरीतल्या आवाजात बोलायला लागला, "मी नियती. मला घर नाही, दार नाही. जे ठरलंय ते..."

"आगं ए, ऊठ की!"

बाईचा आवाज होता, खणखणीत. म्हाळसा उभी राहिली होती. "झोपलीस काय? दिवा गेला! ऊठ, लाव दिवा!"

इतकी वर्षं गाव हे नाटक बघत होतं, रडत होतं, पण हे कुणाला सुचलं नव्हतं. मग म्हाळसाची मावशी ओरडली, "व्हय की! ऊठ गं बाई!" मग पलीकडची, मग तिच्या शेजारची, आणि बघता बघता बायकांची सगळी बैठक उभी राहिली. "ऊठ! ऊठ! बुडंल त्यो!" राजलक्ष्मीनं एक डोळा उघडला. मुरलेली नटी ती, पण असा प्रसंग तिच्यावरही आला नव्हता. ती उठून बसली आणि म्हणाली, "पण काडीपेटी कुठाय?"

आणि तेव्हा कुशाबाई उठली. पदर खोचून ती ट्रॉलीच्या कडेच्या फाळक्याला येऊन भिडली आणि हिंदुरावावर कडाडली, "आरं ए मुडद्या! उभा काय ऱ्हायलास खांबावानी? काडी हाय का न्हाय तुज्याकडं?"

"हाय की," नियती म्हणाली.

"मंग लाव!"

हिंदुरावानं घोंगडं मागं टाकलं. मिशा दिसल्या, घाम दिसला. त्यानं खिशातून काडीपेटी काढली, काच वर केली, हाताच्या ओंजळीत काडी धरून वात पेटवली आणि सवयीनं, नाटक-बिटक सगळं विसरून, ज्योतीला हात जोडले. समोर उभ्या असलेल्या पन्नासएक बायकांचे हातही आपोआप जोडले गेले. कुशाबाईचेसुद्धा.

इकडं विजयसिंहाचे हाल चालले होते. गुरुजी आडून खुणा करत होते, "बूड, बूड!" आणि सगळं पटांगण ओरडत होतं, "ये, ये! उजेड हाय!" शेवटी त्यानं गुरुजींकडं पाठ फिरवली आणि निळ्या साडीतून धडपडत बाहेर आला. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या हवेत. गुरुजींच्या शेवटच्या विलापाचं मातेरं झालं. तीन पानांचा विलाप होता. ते डोक्याला हात लावून खाली बसले, आणि मग त्यांना हसू आवरेना.

सकाळी जोतीराम पिंपळीहून आले तेव्हा कुशाबाई मावशीच्या ओट्यावर चहा पीत होती. त्यांनी घाबरत घाबरत विषय काढला. "आक्का, त्या पोराचं... न्हाय म्हणून कळवायचं ना?"

कुशाबाईनं बशी खाली ठेवली. "दिवा फुकतो ते वंगाळच. त्यात माझं दुमत न्हाय."

"व्हय, आक्का."

"पर लाव म्हटल्याबरूबर लावला. एका बोलात. तुला मी परसातला बलब बदल म्हणून कवाधरनं सांगतीय?"

जोतीराम टोपी काढून झटकायला लागले.

"आन् म्हस म्हातारीच झाली हुती म्हणा," कुशाबाई हळू आवाजात म्हणाली. "समद्यांनी मिळून त्या पोराच्या नावावर खपवलं. मी बी त्यातलीच." तिनं आत हाक मारली, "म्हाळसे, काल सभेत वरडलीस ती काय ठरवून वरडलीस का गं?"

"मला काय म्हाईत," आतून आवाज आला. "तोंडातनं गेलं."

वैशाखात लग्न झालं. अक्षतांच्या वेळी हिंदुराव पहिल्यांदाच मांडवाच्या मधोमध उभा होता, आणि त्याला कुणी मागं नेऊ शकत नव्हतं, कारण नवरदेव तोच होता. रंगूबाई इतकी रडली की लोकांना वाटलं मुलीची आई हीच. पाठवणीच्या वेळी कुशाबाईनं इंदापूरच्या बाजारातून आणलेला नवाकोरा कंदील पोरीच्या हातात दिला, आणि काडीपेटी तिच्या कनवटीला खोचली. "ही ह्याच्या खिशात दिऊ नगंस. तुज्याजवळ ठेव. माणूस चांगला हाय, पर लोकांनी फूक म्हटलं की फुकतो."

नाटक बंद करायचं गुरुजींच्या मनात होतं, पण गावानं ऐकलं नाही. पुढच्या चैत्रात पिंपळी, कळंबकडच्याही बायका बैलगाड्या आणि टेंपो भरून आल्या, त्या खास ओरडायला. हिंदुरावानं काच उचलून फुंकर मारली. बायकांनी "ऊठ, ऊठ" करून पटांगण डोक्यावर घेतलं. राजलक्ष्मी उठून बसली. हिंदुरावानं ऐटीत घोंगडं मागं टाकलं, खिशात हात घातला, आणि त्याचा चेहरा पडला. दुसरा खिसा बघितला. तोही रिकामा. नदीत विजयसिंह गटांगळ्या खायला लागला.

तेवढ्यात बायकांतून म्हाळसा उठली. सातवा महिना होता तिला. गावची सून स्टेजवर चढल्याचं लासुर्ण्यानं तोवर कधी बघितलं नव्हतं. ती फाळक्याला धरून सावकाश चढली, हिंदुरावानं वरून हात दिला. तिनं कनवटीची काडीपेटी काढली, काडी ओढली, वारं लागू नये म्हणून त्यानं दोन्ही हातांचा आडोसा केला, आणि दिवा लागला.

"बघा," पहिल्या रांगेतून कुशाबाई शेजारणीला म्हणाली, "म्हणूनच तिच्याजवळ ठिवाय सांगितली हुती."